नौकेच्या एंजिनांत पाणी शिरतें कोठून?

विहारनौकेच्या एंजिनांत पाणी शिरतें तें उसळणाऱ्या लाटांमुळें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु शिडाच्या नौकेवर तें बहुधा मागील दारानें, म्हणजे धुराच्या नळींतून शिरतें. आणि तेंही अनेकदां चालविणाराच्याच हातून.

कारण असें कीं, अशा नौकांवरील बहुतेक डिझेल एंजिनें समुद्राच्या पाण्यानें थंड ठेवितात व तेंच पाणी पुढें धुराच्या नळींत सोडतात. एंजिन चालू असतां धुराचा जोर तें बाहेर लोटतो. पण एंजिन सुरू होईना म्हणून कळ वारंवार दाबीत राहिलें, तर पंप पाणी ओढीतच राहतो, लोटावयास धूर मात्र नसतो. सांचलेलें पाणी मग उलट सिलिंडरांत उतरतें. हवेप्रमाणें पाणी दाबलें जात नाहीं. सबब दट्ट्याचा दांडा वांकतो, आणि वारा पडला असतां खडकाळ किनाऱ्याजवळ ज्यावर सारी भिस्त, तेंच यंत्र निकामी होतें.

उपाय सोपा आहे. दोन-तीन प्रयत्नांत एंजिन सुरू न झाल्यास समुद्राचें पाणी आंत घेणारी तोटी बंद करावी. सुरू होतांच ती तत्काळ उघडावी, नाहींतर पंपाचें रबरी चक्र कोरडें फिरून खराब होतें. नळींत पाणी सोडण्याची जागा बाहेरील पाण्याच्या पातळीखालीं असल्यास पाण्याच्या वाटेला पातळीच्या बऱ्याच वर कमान देऊन माथ्यावर हवेची झडप बसवावी. नाहींतर एंजिन बंद असतांही पाणी आपोआप ओढलें जातें.

सारांश, एक हात कळीवर असतां ध्यान तोटीवर असावें.