विश्लेषण : जुन्या मिनी ट्रॅक्टरला मोठे सेकंड हँड इंजिन... ताकद खरेच वाढते का?

सोयाबीन निघाले, जमीन वाफशावर आली आणि पंधरा एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर रोटाव्हेटरला दम टाकू लागला, तर शेतकऱ्यापुढे मोजकेच पर्याय उरतात. नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर कर्ज काढावे लागते आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी रांगेत थांबावे लागते. मग जनरेटरचे किंवा मालवाहू गाडीतून काढलेले मोठे इंजिन त्याच ट्रॅक्टरवर बसवावे, असा सल्ला हमखास मिळतो. हा बदल तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, त्याने कामात किती फरक पडतो आणि कायदा काय सांगतो, याविषयी...

काळ्या जमिनीत मिनी ट्रॅक्टर का दमतो?

जिंतूर तालुक्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण आहे. पूर्णा प्रकल्पाचे लाभक्षेत्र परभणी, हिंगोली आणि नांदेड या जिल्ह्यांत पसरलेले आहे. या पट्ट्यातील काळी जमीन कसदार असली तरी मशागतीला अवघड. ओली असताना चिकटते, वाळली की ढेकळे फोडावी लागतात. मधल्या वाफशाचे दिवस थोडेच मिळतात. कापूस, तूर, हळदीच्या ओळींत किंवा फळबागेत अरुंद मिनी ट्रॅक्टर सोयीचा ठरतो. मात्र, त्याच ट्रॅक्टरवर खोल मशागतीचा भार टाकला की त्याची मर्यादा उघडी पडते.

एचपी आणि टॉर्क यांत फरक काय?

येलदरीच्या जलविद्युत केंद्रात प्रत्येकी साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. म्हणजे एक संच साधारण 10 हजार एचपीचा. तिथे किती वीज तयार होईल हे पाणी किती उंचीवरून पडते आणि किती वाहते, या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. इंजिनाचेही तसेच आहे. दांडा किती जोराने फिरतो, म्हणजे टॉर्क आणि मिनिटाला किती फेरे घेतो, म्हणजे आरपीएम, या दोहोंच्या गुणाकारातून एचपी येते. त्यामुळे जास्त एचपीचे इंजिन जास्त जोर देईलच असे नाही. ते नुसते जास्त वेगाने फिरत असेल.

याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे छोट्या मालवाहू गाडीचे इंजिन. टाटा एसच्या सुरुवातीच्या मॉडेलमधील 702 सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन 3,200 आरपीएमला 16 एचपी देते, पण त्याचा टॉर्क सुमारे 38 न्यूटन-मीटर आहे. उलट 2,300 आरपीएमला 15 एचपी देणाऱ्या ट्रॅक्टर इंजिनाचा टॉर्क त्याच वेगाला 46 न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. कागदावर एक एचपी वाढला, पण दांड्यावरचा जोर कमी झाला.

22 एचपीचे इंजिन बसवले तर?

समजा, 2,300 आरपीएमला 15 एचपी देणाऱ्या इंजिनाच्या जागी 3,000 आरपीएमला 22 एचपी देणारे इंजिन बसवले. एचपी 47 टक्के वाढली. टॉर्क मात्र 46 वरून 52 न्यूटन-मीटरवर, म्हणजे 12 ते 13 टक्केच वाढला. बाकीची वाढ केवळ वेगाची आहे आणि खरी अडचण तिथेच आहे.

ट्रॅक्टरच्या मागील पीटीओ दांड्याचा प्रमाण वेग 540 आरपीएम असतो. जुन्या इंजिनाच्या 2,300 आरपीएमला 540 मिळतील असे गिअर असतील, तर नवे इंजिन 3,000 वर नेताच पीटीओ 704 वर जातो. रोटाव्हेटरची पाती, त्याचा गिअरबॉक्स आणि जोडदांडा एवढ्या वेगासाठी बनवलेले नसतात. म्हणून पीटीओ 540 वर ठेवायचा तर नवे इंजिनही 2,300 वरच चालवावे लागते. तिथे त्याचा टॉर्क 55 न्यूटन-मीटर धरला तरी हाती येतात सुमारे 18 एचपी. पैसे 22 एचपीचे आणि वापर 18 एचपीचा, असा हा हिशेब होतो.

नांगरणीत किती फायदा?

रोटाव्हेटर पीटीओवर चालतो, त्यामुळे तिथे वाढलेले दोन-तीन एचपी जाणवतात. नांगर किंवा कल्टिव्हेटर मात्र चाकांच्या पकडीवर ओढला जातो. आठशे किलोंच्या आसपासच्या मिनी ट्रॅक्टरचे 520 किलो वजन मागील चाकांवर आहे आणि सैल जमिनीत त्याच्या निम्मी ओढ मिळते, असे ढोबळमानाने धरू. म्हणजे 260 किलोंची ओढ. ताशी चार किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायला चार एचपीही लागत नाहीत. त्यापुढे इंजिन कितीही मोठे असले तरी चाके जागेवर फिरतात, माती उकरतात आणि डिझेल जळते. अशा वेळी चाकांना वजन लावणे, मागील टायरमध्ये पाणी भरणे आणि झिजलेले टायर बदलणे हे इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहेत.

इंजिन बसवताना काय अडते?

अनेक ट्रॅक्टरना गाडीसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागील धुरा एकमेकांना बोल्टने जोडून ट्रॅक्टरचा कणा तयार होतो. पुढच्या धुऱ्याचा भार आणि खड्ड्यांचे धक्के इंजिनाच्या ब्लॉकवरच येतात. जनरेटरचे किंवा गाडीचे इंजिन असा भार सोसण्यासाठी ओतलेले नसते. त्यामुळे लोखंडी चॅनलची स्वतंत्र फ्रेम न करता ते मध्ये जोडल्यास ब्लॉक तडकण्याचा धोका असतो. त्याशिवाय या बाबी पाहाव्या लागतात :

• मध्यरेषा : इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत हवेत. जोडप्लेट लेथवर अचूक झाली नाही तर बेअरिंग, सील आणि क्लच प्लेट लवकर जातात.

• फिरण्याची दिशा : काही इंजिने उलट दिशेने फिरतात. मग पुढचा गिअर टाकला की ट्रॅक्टर मागे जातो आणि रोटाव्हेटरही उलटा फिरतो.

• क्लच आणि गिअर : मूळ क्लच वाढलेल्या टॉर्कला घसरतो. मजबूत क्लच बसवला तर झटका पुढे गिअरच्या दातांवर जातो.

• रेडिएटर : जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. जुना रेडिएटर पुरत नाही आणि हेड गॅस्केट उडते.

• गव्हर्नर : जनरेटरचे इंजिन बहुधा 1,500 आरपीएमवर स्थिर चालण्यासाठी बसवलेले असते. ते तसेच वापरले तर गिअर तेच राहिल्याने पीटीओ 352 वर घसरतो.

• ब्रेक : इंजिन 2,300 ऐवजी 3,000 वर फिरले तर रस्त्यावरचा वेगही 30 टक्के वाढतो, पण ब्रेक जुनेच राहतात. ट्रॉली जोडलेली असताना उतारावर हा जीवघेणा प्रकार ठरू शकतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 येथे लागू होते. उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मधील निकालात हेच स्पष्ट केले. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन बदलून बसवल्यास आरटीओकडे कळवून नवा इंजिन क्रमांक आरसीवर नोंदवता येतो. वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवणे हा वेगळा मामला आहे. अपघात झाला आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळला नाही, तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. सेकंड हँड इंजिन घेताना बिल, मूळ वाहनाची कागदपत्रे आणि न खोडलेला क्रमांक पाहणे त्यामुळेच आवश्यक. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर घेणाराही चौकशीत अडकतो.

मग यशस्वी झालेले जुगाड कसे?

गुजरातमधील अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी 1994 मध्ये बुलेट मोटरसायकलचे मागील चाक काढून तिथे दोन चाके आणि अवजारांची दांडी बसवली. 'बुलेट सांती' नावाच्या या यंत्राला पुढे भारतात आणि अमेरिकेत पेटंट मिळाले. तिथे मोठे इंजिन बसवले गेले नाही. आहे त्या ताकदीला झेपतील अशी कोळपणी-पेरणीची हलकी कामे आणि अवजारे निवडली गेली. अवजार इंजिनाला साजेसे असले पाहिजे, हे सूत्र येथे दिसते.

खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

जुन्या ट्रॅक्टरची ताकद बहुधा झिजेमुळे कमी झालेली असते. एअर फिल्टर, नोझल, डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. कॉम्प्रेशन कमी असेल तर लायनर, पिस्टन आणि रिंग बदलून मूळ एचपी बऱ्याच अंशी परत मिळते. त्यासाठी आरसीला हात लावावा लागत नाही. रोटाव्हेटर रुंद असेल तर एक फूट कमी रुंदीचा घेतल्यास भार लगेच हलका होतो.

तरीही ताकद कमी पडत असेल, तर खोल मशागत भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून आणि आंतरमशागत स्वतःच्या मिनी ट्रॅक्टरने, अशी विभागणी करता येते. नवा ट्रॅक्टर किंवा अवजार घ्यायचे असल्यास कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. प्रवर्गानुसार 40 ते 50 टक्के अनुदान ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळते. मॉडेल निवडताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा अहवाल पाहावा. इंजिनाच्या जाहिरातीतील एचपीपेक्षा त्यातील पीटीओची ताकद आणि ओढ यांचे आकडे शेतात उपयोगी पडतात.