अ‍ॅफिनिटी : रंगाची, सोयरिकीची आणि भरोशाची

रंगांच्या माहितीपत्रकांत एक इंग्रजी शब्द हमखास आढळतो : अ‍ॅफिनिटी. अमुक रंगाची कापसाशी अ‍ॅफिनिटी चांगली, पॉलिएस्टरशी मुळीच नाही, असे लिहिलेले असते. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. इंग्रजी शब्द भेटला की आधी उर्दूत जोड शोधायचा, मग मराठीत, ही आमची जुनी खोड. उर्दूत मुनासबत, कुर्बत, लगाव असे शब्द हाती लागतात. मराठीत ओढ, जवळीक. पण यातल्या कुठल्याच शब्दाने रंगाऱ्याचे काम पुरे भागत नाही.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतील गिऱ्हाइकांना आम्ही कुडत्याचे उदाहरण देतो. पांढरा सुती कुडता काळा रंगवायला दिला तर कापड काळेभोर होते, शिलाई मात्र पांढरीच राहते. मग रंगाऱ्याशी हुज्जत. रंगारी बिचारा निर्दोष असतो. कुडता सुताचा, पण शिंप्याने वापरलेला धागा पॉलिएस्टरचा. सुताचा रंग त्या धाग्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पॉलिएस्टरला डिस्पर्स जातीचा रंग लागतो आणि तो चढवायला दाबाच्या भांड्यात १३० अंशांपर्यंत उष्णता द्यावी लागते. टेरिकॉटमध्ये दोन्ही तंतू असल्याने रंगही दोन जातींचे घालावे लागतात.

कापूस खानदेशचे सोने खरे, पण रंगाच्या बाबतीत तो मोठा हट्टी. हळदीसारखे थोडे रंग सोडले तर जुन्या रंगांना त्याची थेट ओढ नव्हती. यावल तालुक्यातील फैजपूर, जिथे १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते गाव एके काळी छापील सुती कापडासाठी आणि लाल व गडद निळ्या रंगासाठी नावाजलेले होते. हे दोन्ही रंग मध्यस्थाशिवाय कापसावर बसत नसत. आलीच्या मुळीच्या लाल रंगाला तुरटी हवी. निळीचे तर आणखी कठीण. ती पाण्यात विरघळतच नाही. हौदात आंबवून तिचे रूप बदलले की मग कापूस तिला घेतो, आणि बाहेर हवा लागताच ती धाग्याच्या पोटात पुन्हा निळी होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारीगरांनी पुस्तकाविना हे साधले होते!

१८८४ साली जर्मनीत ब्योटिगर यांनी काँगो रेड शोधला. मध्यस्थाशिवाय कापसावर चढणारा हा पहिला कृत्रिम रंग. पाण्यात मीठ टाकून तापवले की काम झाले. परंतु आम्ल लागले की तो निळसर पडे, आणि धुण्यातही फिका होई. चढणे वेगळे, टिकणे वेगळे. १९५६ मध्ये बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग तंतूशी रासायनिक गाठच मारतात. तरी त्यातला काही भाग गाठ न बसता नुसत्या ओढीने कापडाला चिकटून राहतो. तो गरम साबणाच्या पाण्यात काढलाच पाहिजे. पाणी आणि जळण वाचवण्यासाठी ही धुलाई आखडती घेतली की माल गिऱ्हाइकाच्या घरी रंग सोडतो, आणि बदनाम होतो तो रंग.

शब्दाचे मूळ लॅटिन. ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे, बांधाला बांध आहे, तो ‘अफिनिस’. पुढे तोच शब्द सोयऱ्यासाठी रूढ झाला. कायद्याच्या इंग्रजीत अ‍ॅफिनिटी म्हणजे निकाहाने जुळलेले नाते. रक्ताच्या नात्याला निराळा शब्द आहे. मुस्लिम कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांत सासू किंवा सून यांच्याशी निकाह हराम असल्याचे कारण याच शब्दाने सांगतात. आपल्या फिकहमध्ये त्याला मुसाहरत म्हणतात. मराठीत सोयरीक म्हटले की जवळपास तेच. म्हणजे रसायनवाल्यांनी हा शब्द सोयऱ्यांकडून उसना नेला! पॅरिसच्या जॉफ्रॉय यांनी १७१८ मध्ये कोणता पदार्थ कोणाला सोडून कोणाशी जुळतो याचा तक्ता मांडला. तो अ‍ॅफिनिटीचा तक्ता म्हणूनच ओळखला जातो.

वापरताना एक लक्षात ठेवावे. पुढे ‘फॉर’ आले तर ओढ एका बाजूची : रंगाची कापसाकडे. ‘बिटवीन’ आले तर दोघांची. व्यापारी पत्रात मामुली ओळखीला अ‍ॅफिनिटी लिहू नये, वाचणारा हसतो.

आता सावध करणारा अर्थ. ‘अ‍ॅफिनिटी फ्रॉड’ म्हणजे बिरादरीच्या, धर्माच्या जवळिकीवर केलेली फसवणूक. धुळ्यात, मालेगावात सुताची उधारी बहुतांशी तोंडी शब्दावर चालत आली. हा भरोसा आमच्या मते आपली खरी पुंजी आहे, आणि ठग नेमका त्यावरच हात टाकतो. बंगळूरच्या आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी या पेढीने हलाल नफ्याच्या नावाने ठेवी घेतल्या. ठेवीदार बहुतेक मुसलमान. जून २०१९ मध्ये मालक परदेशी निघून गेला, हजारो लोकांनी तक्रारी केल्या; जुलैत दिल्लीत त्याला अटक झाली आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. त्यात विधवांची पुंजी होती, लेकींच्या लग्नाचे पैसे होते. पैसे मागणारा आपल्याच सफेत उभा राहतो म्हणून त्याचे कागद पाहायला संकोच वाटतो, हेच त्याचे भांडवल.

ठेव घेणाऱ्याला नोंदणी कुठे आहे, नफा नेमका कुठल्या धंद्यातून येतो आणि हिशेब कोण तपासतो, हे विचारावे. पैसे रोख देऊ नयेत, पावती घ्यावी. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, आणि २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही आहे. तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे करता येते.