समोरचे तीस आणि दूरचे तीनशे

18 मे 1988 रोजी आकाशवाणीची ‘नॅशनल चॅनल’ ही रात्रसेवा सुरू झाली, ती नागपूरच्या 1000 किलोवॉट प्रक्षेपकावरून. देशाच्या मध्यावरचं गाव. रात्री मध्यम लहरींवर इथून निघालेला आवाज फार लांब पोचायचा. 2018च्या अखेरीस ही सेवा बंद करायचा निर्णय झाला. आज नागपुरात एखादी छोटी बैठक होते, समोर तीसेक जण बसतात आणि पुणे, बंगळुरू, न्यू जर्सीतली मंडळी ती मोबाइलवर ऐकतात, तेव्हा हे काहीतरी नवलाचं चाललंय असं वाटतं. दुरून गाणं ऐकायची सवय मात्र या गावाला जुनी आहे.

नागपूर आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948ला सुरू झालं. 1952मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि 1954पासून आकाशवाणी संगीत संमेलनं. या संमेलनांत निमंत्रित श्रोते समोर बसत आणि तेच गाणं रेडिओवरून देशभर जाई. स्टुडिओच्या बंद काचेआड गाणाऱ्याला दाद मिळत नाही, समोर माणसं असली की गाणं उमलतं, हे आकाशवाणीने तेव्हाच ओळखलं होतं. ऑनलाइन मैफल भरवणाऱ्यांनी सर्वांत आधी हीच गोष्ट घ्यावी: कॅमेऱ्यासाठी गाणं नको, खोलीतल्यांसाठी हवं. दूरच्याने त्यात सामील व्हावं.

नागपूरचा कान अशाच समोरासमोरच्या बैठकांतून घडला. मूर्तिजापूरला 1920मध्ये जन्मलेले वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. सप्रे हे पलुस्करांच्या परंपरेतले गुरुजी. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह आज वसंतरावांच्याच नावाने ओळखलं जातं. पण मोठं सभागृह मुळात नाटकाला आणि गर्दीला सोयीचं. ख्यालातल्या एखाद्या अलगद मुरकीला, गायकाने क्षणभर घेतलेल्या श्वासाला आणि ‘क्या बात है’ला जवळीक लागते.

खरी कसोटी ध्वनीची आहे, आणि आयोजकांचं सर्वाधिक दुर्लक्ष तिथेच होतं. व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्यांचं गणित. त्यामुळे पंख्याबरोबर तंबोराही पुसला जातो. नागपुरात एप्रिल-मेमध्ये बैठक ठेवली तर कूलरची घरघर असतेच. ती घालवायला आवाज गाळणारी सोय सुरू केली की तंबोऱ्याची जवारीही गेली. सूर उघडा पडतो. म्हणून ही सोय बंदच ठेवावी आणि गाणं चालू असेतो कूलरही बंद. त्यापेक्षा बैठक हिवाळ्यात ठेवलेली बरी.

दुसरी अडचण मोबाइलच्या स्पीकरची. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झवर असतो. इतका खालचा स्वर त्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. डग्ग्याचा घुमारा असाच हरवतो. श्रोत्याने चांगले हेडफोन लावले तर निम्मं गाणं परत मिळतं.

आणि गायक नागपुरात, तबलजी पुण्यात, असा प्रयोग करू नये. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज लागतो. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे सम येईपर्यंत साथीदार जवळजवळ एक मात्रा मागे असतो. साथसंगत एकाच खोलीत हवी. दूर राहावं फक्त श्रोत्याने, कारण दोन सेकंद उशिरा पोचलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

2020मध्ये जगभरच्या मैफली थांबल्या तेव्हा लंडनच्या विगमोर हॉलने जूनमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर छोटेखानी मैफली केल्या आणि त्या बीबीसी रेडिओ 3वरून थेट ऐकवल्या. आपल्याकडेही कलावंत घरून गायले. बहुतेक ठिकाणी ते फुकट होतं, आणि फुकट ऐकायची ती सवय टिकून राहिली. मला हे अन्यायाचं वाटतं. तंबोऱ्याला आणि तबल्याला बसणाऱ्यांचं घर मैफलीच्या बिदागीवरच चालतं. सतरंजीवर बसलेल्याने तिकीट काढायचं आणि अमेरिकेतल्याने दुव्यावर बोट ठेवून सगळं मोफत घ्यायचं, हे चालू नये. दूरच्याचं तिकीट स्वस्त असू दे, पण असू दे. मैफलीचं ध्वनिमुद्रण कुठे राहील, किती दिवस दिसेल, पुढे कोण वापरेल, हेही गायकाला आधी विचारून लिहून घ्यावं.

घरात मोठी खोली असेल, शेजारी चार रसिक असतील, तर या हिवाळ्यात एक बैठक ठेवा. गावातल्या तरुण गायकाला बोलवा, दोन चांगले माइक भाड्याने आणा, परगावच्या लेकी-सुनांना ऑनलाइन घ्या आणि बिदागी गाणं सुरू होण्याआधी पाकिटात घालून ठेवा.