आजच्या रात्रीचं दार

गेल्या वर्षी आषाढात पौडच्या स्टँडवर एक बाबा येऊन बसले होते. साठीच्या पुढचे, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, पायात दोन वेगवेगळ्या चपला. टपरीवाला सकाळी चहा द्यायचा, कुणी वडापाव ठेवून जायचं. मुळशीचा पाऊस एकदा ताम्हिणीकडून लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. चौथ्या दिवशी बाबा तापानं फणफणले. मी एका कचेरीत फोन केला. "साहेब नाहीत, उद्या करा," असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी बाबा स्टँडवर नव्हते. चौकशी करायची तर नाव हवं, आणि चार दिवसांत त्यांचं नाव आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.

त्या 'उद्या'नं मला पुन्हा 'माहेर' संस्थेकडे नेलं. १९९१ साली पुण्यात सिस्टर लूसी कुरियन यांच्याकडे एक गरोदर बाई आली. नवरा जिवावर उठलाय, मला ठेवून घ्या, अशी तिची विनवणी होती. सिस्टर काम करायच्या तिथं राहायची सोय नव्हती. उद्या काहीतरी बघू, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवून दिलं. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. सिस्टर हे कधी लपवत नाहीत. स्वतःच्या तोंडून सांगतात.

पुढं सहा वर्षं त्या पैशासाठी, जागेसाठी, माणसांसाठी फिरल्या. फादर फ्रान्सिस डिसा पाठीशी उभे राहिले. २ फेब्रुवारी १९९७ रोजी शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या गावात, पहिलं घर उघडलं. त्याला आश्रम, निवारा, केंद्र असं काही न म्हणता केरळात जन्मलेल्या या बाईनं मराठीतला नेमका शब्द उचलला. सासरी पाण्याचा घोटही विचारून घेणारी बाई माहेरी स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घेते. असं घर जिला उरलंच नाही तिच्यासाठी हे दार होतं.

संस्था वाढली ती दाराशी आलेल्या माणसांमुळे. आधी मारहाणीतून सुटलेल्या बायका, त्यांच्याबरोबर त्यांची लेकरं, मग कुणीच नसलेली मुलं. रस्त्यावर भान हरपून फिरणाऱ्या बायकांसाठी 'वात्सल्यधाम' झालं. नंतर म्हाताऱ्या बायका आल्या, पुरुषही आले. वढूबाहेर रत्नागिरी, केरळ, झारखंडपर्यंत घरं गेली. २०१६ मध्ये सिस्टर लूसींना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. मला मोलाची वाटते ती यातली रचना. शेकडो मुलांना एका वसतिगृहात कोंबण्याऐवजी गावात लहान लहान घरं, आणि प्रत्येक घराला एक गृहमाता. आसऱ्याला आलेल्या कित्येक जणीच पुढं गृहमाता झाल्या. हाकलून दिलं जाणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. जात-धर्म तिथं विचारत नाहीत; सगळ्यांचे सण सगळ्यांनी करायचे.

त्याच १९९७ साली पुण्याच्या या बाजूला, मुळशीतल्या भूगावला, विजयाताई लवाटे यांची 'मानव्य' उभी राहिली. एचआयव्हीची लागण झालेल्या मुलांना नातेवाईकही शिवत नव्हते तो काळ. अशा मुलांसाठीच्या या घराचं नाव ताईंनी 'गोकुळ' ठेवलं.

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शहरातला फूटपाथ येतो, आणि सरकारचंही तसंच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशाप्रमाणे शहरात दर लाख लोकसंख्येमागं एक रात्रंदिवस उघडा निवारा हवा. लाखाचा हिशोब आला की तालुक्याचं गाव त्यातून सुटतंच. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री फलाट, पूल, देवळांचे ओटे पालथे घालून उघड्यावरच्या माणसांची मोजणी झाली. देशात ती सुमारे १७ लाख ७० हजार भरली, त्यात महाराष्ट्रातली २ लाखांवर. आमच्या तालुक्याला तरी घर जाणं नवं नाही. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांबरोबर मावळे मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. धरण झालंच आणि घरंदारं पाण्याखाली गेली. आज दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी टाकून राहणारा कातकरी वीटभट्टीवरून परत येतो तेव्हा ती झोपडी जागेवर असेलच असं नाही. मोजणीत मात्र तो बेघर धरला जात नाही.

सह्याद्री उतरून कर्जतला गेलं की डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठीचं 'श्रद्धा' केंद्र आहे. १९८८ च्या सुमाराला मुंबईत या जोडप्यानं एका तरुणाला करवंटीनं गटाराचं पाणी पिताना पाहिलं. त्यांनी त्याला उचलून उपचार केले, तेव्हा तो शिकला-सवरलेला निघाला. आंध्रातून वडील येऊन त्याला घेऊन गेले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर सात हजारांवर माणसं अशी आपापल्या गावी पोचली होती. 'श्रद्धा' माणसाला त्याच्या घरी नेऊन सोडते. ज्याला घर परत घेत नाही त्याच्यासाठी 'माहेर' लागतं, नगरजवळची डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची 'माऊली' लागते. घरचे खरंच घेतील का, हे पारखायलाही माणूस लागतो. पत्ता सापडला म्हणजे काम झालं, असं नसतं.

कायदाही आता बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. मनोरुग्ण भटकताना दिसला आणि त्याला स्वतःची काळजी घेता येत नसेल तर त्याला संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला नेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. तो हरवल्याची नोंद करावी लागते, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. बाबांना हे कलम लागू पडलं असतं का, कोण जाणे; पण तेव्हा मला हे माहीत असतं तर निदान ठाण्यात जाऊन विचारलं असतं.

यंदा श्रावणात स्टँडवर एक बाई आली. स्वतःशीच बोलत होती, ओल्या लुगड्यात कुडकुडत होती. टपरीवाल्यानं चहा देताना नाव विचारलं. नाव तिनं सांगितलं नाही, गावाचं मात्र सांगितलं. त्यानं ते बिस्किटाच्या पुड्यावर लिहून ठेवलं. मी कलम १०० चा कागद घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारांनी तो दोनदा वाचला, वर फोन लावला आणि गाडी काढली. रात्रीचे साडेआठ झाले होते.