झाडावरची नोटीस कोण वाचणार?

झाडे वाचवा म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी पडते. हा बंगलेवाल्यांचा विषय. आमच्यापुढे घराचे, नोकरीचे, अत्याचाराचे प्रश्न आहेत, असे आपण म्हणतो. आम्हीही तेच म्हणत होतो. आमच्या वस्तीतल्या पिंपळावर नोटीस लागेपर्यंत!

त्या पिंपळाखाली पंचशील ध्वज आहे. दर रविवारी तिथे वंदना होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बसवत नाही म्हणून आमच्या आयाबाया दुपार तिथेच काढतात. तरीही चार दिवस ती नोटीस कुणी वाचली नाही. कसलीतरी जाहिरात असेल, असे समजून सगळे पुढे गेले. पाचव्या दिवशी दहावीतल्या एका मुलीने ती मोठ्याने वाचली, तेव्हा कळले की रस्ता रुंद करण्यासाठी पिंपळ जाणार आणि हरकतीला दोनच दिवस उरले आहेत.

हा कायदा कालचा नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या जागेतले का असेना. तोडणे म्हणजे केवळ कुऱ्हाड चालवणे नव्हे. झाड जाळणे, त्याला कोणतीही इजा करणे हेही त्यात येते. परवानगीपूर्वी वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः पाहणी करायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि झाडावर नोटीस लावायची. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला.

पण कायदा आपोआप धावून येत नाही. मुंबईच्या आरेत काय झाले? ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. तिथल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना कुणी विचारले? ज्याची सावली जाते त्याचे मत कागदावर येत नाही, हाच या व्यवस्थेचा जुना नियम आहे.

म्हणून आम्ही मत कागदावर आणले. दोन दिवसांत हरकत लिहिली, घरोघरी सह्या घेतल्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घेतले. झाडाचे वय किती मोजले? रस्ता थोडा वळवता येतो का, हे तपासले का? एवढे दोनच प्रश्न विचारले. अर्जाची पोच घेतली. सुनावणीला वस्तीतल्या बायाच अधिक होत्या. निर्णय अजून यायचा आहे. पिंपळ मात्र उभा आहे.

सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेने वड लावल्याची नोंद आपल्या स्तंभलेखात करून ठेवली. वाटसरूला आणि जनावराला सावली मिळावी, ही त्यामागची भावना होती. आपण त्या धम्माचे वारस म्हणवतो. संविधानाच्या कलम ५१-क नेही निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. मग हा प्रश्न बंगलेवाल्यांवर का सोडायचा?

बाबासाहेबांनी आपल्याला अक्षर दिले ते केवळ नोकरीसाठी नव्हे. आपल्या वस्तीतल्या झाडावर, भिंतीवर, विजेच्या खांबावर लागलेला प्रत्येक सरकारी कागद वाचा. मुदत बघा, हरकत लिहा, पोच घ्या. नोटीस आपल्यासाठीच असते. आपण वाचली नाही, तर आपली संमती धरली जाते!