जांभ्या जमिनीवर छोटा ट्रॅक्टर : आरे-वारे परिसरातील वर्षभराची कामे

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेने गणपतीपुळ्याकडे जाताना आरे आणि वारे ही गावे लागतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला जांभ्या दगडाचे उघडे सडे आणि या दोहोंच्या मध्ये उतारावर व घळींत बसविलेली शेती, अशी येथील भूमीची रचना आहे. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. पण तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. शेतीची कामेही त्यामुळे थोड्या दिवसांत दाटीने येतात. पूर्वी घरोघरी बैलांची जोत असत आणि लावणीला घरची दहा माणसे उभी राहत. आता गोठे रिकामे झाले आहेत आणि कर्ती मुले मुंबईस नोकरीला आहेत. वेळेवर नांगर न लागल्यामुळे पडीक राहिलेले कुणगे कोकणातल्या कोणत्याही गावात पाहावयास मिळतात. शेत तीन-चार वर्षे पडून राहिले की बांध फुटतात, झुडूप माजते, आणि वरच्या कुणग्याचे पाणी खालच्या शेजाऱ्याच्या शेतातली माती घेऊन जाते. एकाने शेत टाकले, तर नुकसान दोघांचे होते.

या अडचणीवर छोटा ट्रॅक्टर हा एक उपाय आहे. मात्र देशावरील सपाट काळ्या जमिनीत ट्रॅक्टर जसा चालवितात, तसा तो येथे चालविता येत नाही. यंत्र येथील जमिनीला आणि हंगामाला जुळवून घेतले, तरच ते उपयोगी पडते.

यंत्राची निवड

येथील कुणगे लहान, वाकडे आणि पायऱ्यांसारखे एकाखाली एक असतात. मोठा ट्रॅक्टर पाणंदीतून आत जात नाही. गेला तरी कुणग्यात वळत नाही आणि आपल्या वजनाने बांध ढासळवितो. यासाठी १५ ते २५ अश्वशक्तीचा, अरुंद बांध्याचा ट्रॅक्टर पुरेसा होतो. या वर्गातील सर्वांत लहान ट्रॅक्टरांचे वजन सुमारे ८०० किलो असते. चिखलात व चढावर चारही चाकांना गती देणारा ट्रॅक्टर अधिक सोयीचा. पण त्याची किंमतही अधिक. जेथे पाखाडीच्या पायऱ्या किंवा साकव ओलांडून शेतात जावे लागते, तेथे ट्रॅक्टरचा हट्ट सोडून पॉवर टिलरच घ्यावा.

खरेदीपूर्वी एक साधे काम अवश्य करावे. घरापासून सर्वांत दूरच्या कुणग्यापर्यंत टेप घेऊन चालावे आणि वाटेवरील सर्वांत अरुंद जागा, गडग्यातील खिंड आणि सर्वांत उंच बांध मोजून घ्यावा. यंत्राची रुंदी या मापांवरून ठरवावी, विक्रेत्याच्या शिफारशीवरून नव्हे.

रोहिणी ते मृग

मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागते. त्यापूर्वी ट्रॅक्टरची पहिली कामे संपली पाहिजेत. शेणखत व कंपोस्ट ट्रॉलीने शेतात नेऊन लहान ढीग घालावेत. पावसाला सुरुवात झाल्यावर भरलेली ट्रॉली पाणंदीत रुतते, आणि ती बाहेर काढण्यात जो दिवस जातो तो पुन्हा मिळत नाही.

याच काळात बांध तपासावेत. एका कुणग्यातून दुसऱ्यात उतरण्यासाठी प्रत्येक ठिकाणी एकच उतरण ठरवावी, तिला सौम्य ढाळ द्यावा आणि चिरे लावून ती पक्की करावी. वाटेल तेथून ट्रॅक्टर उतरविल्यास पहिल्या मोठ्या सरीतच बांध वाहून जातो. ज्या शेतात दगड वर आले असतील, तेथे ते वेचल्याशिवाय रोटाव्हेटर घालू नये. जांभ्याचा एक गोटा पात्यांत अडकला, तर पाती वाकतात आणि ऐन मृगात दुरुस्तीसाठी रत्नागिरीची फेरी पडते.

रोपवाटिकेची जमीन मेअखेर भुसभुशीत करून गादीवाफे तयार ठेवावेत. धूळवाफेवर बी पेरावयाचे असल्यास ही मशागत कोरड्यातच पुरी व्हावी लागते.

आषाढातील चिखलणी

वर्षातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे चिखलणी. तिचा हिशोब आधीच मांडावा. एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी दोन किलोमीटर वेगाने चालला, तर तासाला २,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २० गुंठे जमीन फिरून होते. पण लहान कुणग्यांत वळणे, कोपरे व बांध ओलांडणे यांत बराच वेळ जातो. प्रत्यक्षात १२ गुंठे धरावेत. चिखलणीचे दोन हात द्यावयाचे, तर एका एकराला साडेसहा ते सात तास लागतात. दिवसाचे आठ तास आणि कामाचे पंधरा दिवस धरले, तर एका यंत्राच्या आवाक्यात सुमारे १८ एकर येतात. मोडतोड व जाण्यायेण्याचा वेळ वजा करता १५ एकर म्हणावेत. यापेक्षा अधिक जमिनीचा शब्द कोणास देऊ नये.

कामाचा क्रम पाण्यावरून ठरवावा. वरच्या कुणग्यांत पाणी टिकत नाही. जोराच्या पावसात त्यांची चिखलणी आधी उरकावी. खालच्या पाणथळ शेतांत पाणी राहते, त्यामुळे ती थोडी मागे पडली तरी चालते. रोपांचे वय मात्र विसरू नये. २१ ते २५ दिवसांचे रोप लावणीस योग्य असते. ज्याचे रोप तयार झाले त्याचे शेत आधी, हा नियम गावात सर्वांनी मान्य केला, तर तंटे उद्भवत नाहीत.

चिखलणीसाठी रबरी चाकांऐवजी किंवा त्यांच्या जोडीने लोखंडी पिंजरा चाके लावावीत. मात्र ती लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नये. चिखल १२ ते १५ सेंटिमीटरांहून खोल करू नये. येथे मातीचा थर मुळातच पातळ आहे. खोल फिरविल्याने पाणी धरून ठेवणारा खालचा कठीण थर फुटतो आणि पाणी जांभ्यात जिरून जाते. गिरिपुष्पाचा पाला घालावयाचा असल्यास लावणीपूर्वी सुमारे आठवडाभर आधी तो पसरून पहिला हात द्यावा, म्हणजे दुसऱ्या हातापर्यंत तो कुजू लागतो.

ट्रॅक्टर हे प्रत्येक शेताचे उत्तर नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. रायगड जिल्ह्यात नेरळ येथे विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात कायमचे गादीवाफे करून चिखलणी व लावणी दोन्ही टाळली जातात. ज्या कुणग्यांत यंत्र पोहोचतच नाही, तेथील शेतकऱ्याने अशा पद्धतीची माहिती अवश्य घ्यावी.

कापणी, मळणी आणि ओलावा

हळवे भात सप्टेंबरच्या अखेरीपासून, निमगरवे व गरवे त्यानंतर तयार होते. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस शेतातील पाणी काढून टाकावे. लहान कुणग्यांत कापणी आजही विळ्यानेच होते. कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला दातेरी वैभव विळा त्यासाठी हलका व सोयीचा आहे. ट्रॅक्टरचे काम पुढे सुरू होते : पेंढ्या खळ्यावर आणणे आणि मळणीयंत्र चालविणे.

यानंतरचे थोडे दिवस फार मोलाचे असतात. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर कुळीथ, वाल, चवळी ही पिके येतात. पण जांभ्या जमिनीतील ओल झपाट्याने उडते. बैलांच्या नांगराने दहा दिवस लागणारी मशागत छोटा ट्रॅक्टर दोन दिवसांत करतो, आणि जे शेत एरवी पुढच्या मृगापर्यंत मोकळे राहिले असते त्यात कडधान्य उभे राहते. छोट्या यंत्राचा खरा लाभ येथे आहे. म्हणून कापणी झालेला कुणगा लगेच मोकळा करावा आणि एक उथळ हात देऊन बी टाकावे.

बाग आणि वणवा

पाऊस उघडल्यावर आंबा-काजूच्या बागांत गवत कमरेइतके वाढलेले असते. ट्रॅक्टरमागील गवत कापणीयंत्राने ते हिरवे असतानाच कापावे आणि झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालावे. आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नये. झाडाच्या घेराखाली नांगर अथवा रोटाव्हेटर फिरवू नये, कारण अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात.

सड्यावरील गवत डिसेंबरनंतर वाळते. मग एक ठिणगी पुरे होते. वणव्यात एका दुपारी जळालेली कलमे पुन्हा फळास येण्यास आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून नोव्हेंबर संपण्यापूर्वी बागेभोवती तीन ते चार मीटर रुंदीचा पट्टा गवत काढून, जेथे माती असेल तेथे उथळ फिरवून, स्वच्छ ठेवावा. कातळावर माती नसते. तेथे गवत कापून उचलून न्यावे. शेजारच्या बागाईतदारांनी हा पट्टा एकत्रित आखला, तर कमी श्रमात सर्वांचे रक्षण होते.

मोहराच्या काळात तुडतुडे व भुरीविरुद्ध फवारणी करावी लागते. ट्रॉलीवर पाण्याची टाकी व दाबाचा पंप ठेवल्यास डोक्यावरून पाणी वाहण्याचे कष्ट वाचतात. औषध व त्याचे प्रमाण विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच घ्यावे, वारा पडलेला असताना फवारावे आणि फवारणाऱ्याने तोंड, नाक व डोळे झाकूनच काम करावे.

एप्रिल-मेमध्ये तयार हापूस गोळा करून ट्रॉलीने आणताना क्रेटमध्ये भाताचा पेंढा घालावा, वेग अगदी कमी ठेवावा आणि उन्हापूर्वी फेरी संपवावी. खडबडीत वाटेवर आदळलेले फळ वरून चांगले दिसते. पण पिकताना डागाळते.

नव्या लागवडीचे खड्डे याच सुमारास घेतात. ट्रॅक्टरवरील गिरमीट मातीच्या जागी चालते, कातळात चालत नाही. तेथे दगड फोडणारे यंत्र भाड्याने आणावे. लागवड आखताना दोन ओळींमध्ये ट्रॅक्टर जाण्याएवढी जागा सोडावी.

खारी हवा व यंत्राची निगा

समुद्राकाठच्या यंत्राला गंजाचा शाप असतो. खारा वारा उघड्या लोखंडावर बसतो, आणि एका पावसाळ्यात नट-बोल्ट जाम होतात. चिखलातून आलेले यंत्र त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावे, वाळू द्यावे आणि उघड्या भागांस तेलाचा हात द्यावा. चिखलणीच्या दिवसांत ग्रीस रोज भरावे. हवेची जाळी व डिझेल गाळणीतील पाणी वेळोवेळी तपासावे. दमट हवेत रिकाम्या टाकीत पाणी धरते. म्हणून टाकी रात्री भरून ठेवणे हितकारक. किनाऱ्यावरील पुळणीत व खाऱ्या पाण्यात ट्रॅक्टर कधीही घालू नये.

उतारावरील धोका

येथील प्रत्येक वाट चढ-उताराची आहे, आणि ट्रॅक्टर उलटणे हा या धंद्यातील सर्वांत भीषण अपघात होय. तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडतो. उडी मारण्यास अवधी मिळत नाही. यासाठी पुढील गोष्टी घरातील प्रत्येक चालकाने कटाक्षाने पाळाव्यात.

उतारावर उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा; उतारावर क्लच दाबून वा गिअर काढून गाडी सोडू नये. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पावले एकमेकांस जोडलेली असावीत. ओढावयाचे वजन केवळ मागील खालच्या दांड्यालाच जोडावे. वर बांधल्यास पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. रुतलेल्या चाकाला ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यानेही तसाच अपघात होतो. दुसऱ्या वाहनाने मागे ओढून घ्यावा. बांधाच्या काठापासून अंतर राखावे, कारण पावसाळ्यात बांध आतून पोकळ झालेला असतो. संरक्षक चौकट असल्यास ती काढून ठेवू नये आणि तिच्यासोबतचा पट्टा बांधावा. रोटाव्हेटरमध्ये अडकलेले गवत इंजिन बंद केल्याशिवाय काढू नये. फिरत्या दांड्यावरील झाकण असलेच पाहिजे. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा टॉवेल त्यात क्षणात ओढला जातो. मडगार्डवर मुलांना बसविण्याची हौस कोणीही करू नये.

एकट्याचे यंत्र की सामाईक?

दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने कर्ज काढून एकट्यासाठी ट्रॅक्टर घेणे सहसा परवडत नाही. वर मांडलेल्या हिशोबाप्रमाणे एक यंत्र १५ एकरांना पुरते. म्हणजे पाच-सहा घरांनी मिळून ते घ्यावे, किंवा एकाने घेऊन इतरांनी ठरलेल्या दराने वापरावे. शासकीय अनुदानाच्या अटी व दर वेळोवेळी बदलतात. खरेदीपूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी आणि अनुदानाची पूर्वसंमती हाती आल्यावरच पैसे द्यावेत.

सामाईक यंत्राचे भांडण बहुधा तीन गोष्टींवरून होते : पाळी, डिझेल आणि दुरुस्ती. या तिन्हींचा लेखी ठराव आधी करावा. तासांची नोंदवही यंत्रासोबत ठेवावी, तासामागे काही रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढावी, आणि चालक एक किंवा फार तर दोनच नेमावेत. गणेशोत्सवात मुंबईकर मंडळी गावी येतात, तेव्हा सर्व हिस्सेदार एकत्र भेटतात. पडीक कुणगे कोणी कसावयाचे, त्यांचे बांध कोणी घालावयाचे आणि पुढच्या मृगासाठी यंत्राची व्यवस्था कशी करावयाची, हे त्याच बैठकीत ठरवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत गावाचा नकाशा व पडीक शेतांची यादी हाती घेऊन जावे. मेमध्ये सुरू झालेली चर्चा पावसाच्या आधी संपत नाही; भाद्रपदात झालेला ठराव मात्र मृगापूर्वी अमलात येऊ शकतो.