शिट्टी कोणाच्या हाती?

कुर्डुवाडीच्या फलाटावर आषाढीच्या दिवसांत जी गर्दी असे, ती माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत गेलेली बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी तेव्हा चालू होती. मुंबईकडून किंवा सोलापूरकडून मोठ्या गाडीने आलेला वारकरी इथे उतरायचा, गाठोडे सावरत छोटी गाडी गाठायचा. मधल्या वेळात खाकी गणवेशातली, गळ्यात स्कार्फ बांधलेली आम्ही पोरे बादल्या घेऊन पाणी द्यायचो. साल 1980 नंतरचे. लोक आमचे कौतुक करत. आमच्यामागे उभी असलेली चार माणसे मात्र कोणाला दिसत नसत.

त्यांत आमचे सर होते. रेल्वे वर्कशॉपमधले एक फिटर रविवारी दोरीच्या गाठी शिकवत. दवाखान्यातल्या एक सिस्टर पट्ट्या बांधायला शिकवत, आणि एक किराणा दुकानदार शिबिरासाठी शिधा देई. पुढे सर निवृत्त झाले आणि वर्षभरात पथक बंद पडले. तंबू आणि शिट्ट्या कपाटात गेल्या. फिटरकाका तेव्हा गावातच होते. अनेक वर्षांनी मी त्यांना विचारले, “तुम्ही का नाही चालवलंत?” ते म्हणाले, “ते शाळेचं काम. आपण बाहेरची माणसं.”

या उत्तराने मला वाचायला लावले. स्काऊट चळवळीत मोठ्या माणसांची जागा नेमकी कोणती? आणि जो शिक्षक नाही, तो खरेच बाहेरचा का?

चळवळीची सुरुवात शाळेत झालेली नाही. 1907 साली बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर विसेक मुलांचे शिबिर घेतले, तिथून ती निघाली. 1909 मध्ये ती बंगळुरात आली, पण सुरुवातीला ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. भारतीय मुलांना दार बंद, म्हणून इथल्या माणसांनी आपली वेगळी दारे उघडली. 1917 च्या सुमारास ॲनी बेझंट यांनी मद्रासेत, तर 1918 मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ झाली, आणि 1951 मध्ये मुलींची संघटनाही तिच्यात आली. मराठीत आपण ‘बालवीर’ आणि ‘वीरबाला’ म्हणू लागलो.

या नावांकडे नीट पाहावे. कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते आणि संसदपटू. एकत्रित संघटनेचे ते पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. पुढे हेच पद सांभाळणारे व्हिव्हियन बोस नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. पोटापाण्याचा व्यवसाय एक आणि हे काम दुसरे, अशी ही माणसे. स्वयंसेवक या शब्दाचा चळवळीतला मूळ अर्थ हाच.

मग हे काम शाळेचे कसे झाले? आपल्याकडे बहुतेक पथके शाळांना जोडलेली असतात, कारण मुले, मैदान आणि शिक्षक तिथे आयते मिळतात. नियमांनी मात्र शाळेची सक्ती केलेली नाही. शाळेशी न जोडलेले ‘खुले पथक’ही जिल्हा संघटनेकडे नोंदवता येते. वस्तीतले, मंडळाचे किंवा रेल्वे कॉलनीतले पथक असू शकते. रेल्वेत तर प्रत्येक विभागीय रेल्वेला संघटना एका राज्याचा दर्जा देते. मध्य रेल्वे हे असेच एक ‘राज्य’ आणि आपला सोलापूर विभाग त्यातला जिल्हा.

पथक चालवणाऱ्याला मुलांसाठी स्काऊट मास्टर आणि मुलींसाठी गाईड कॅप्टन म्हणतात. लहानांचे म्हणजे 5 ते 10 वर्षांच्या कब आणि बुलबुलांचे प्रमुख वेगळे असतात. मुलींच्या पथकाला बाईच प्रमुख लागते. गावात ती न मिळाल्याने मुलींचे पथकच निघत नाही, असे होते. या कामाला पगार नसतो, प्रशिक्षण मात्र असते. आधी प्राथमिक निवासी वर्ग, मग प्रगत वर्ग आणि शेवटी ‘हिमालय वुड बॅज’. गळ्यातल्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी ही त्याची खूण. 1919 मध्ये इंग्लंडच्या गिलवेल पार्कमध्ये सुरू झालेली ती परंपरा आहे. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे.

पण प्रत्येकाने गणवेश घालावा असे नाही. बालवीराला एखाद्या कौशल्याचा बॅज हवा असेल, तर त्या विषयातल्या जाणकाराने त्याची परीक्षा घ्यायची असते. प्रथमोपचार परिचारिकेने तपासावा, स्वयंपाक ज्याचा हात चांगला त्याने, बागकाम माळ्याने, वीजकाम वायरमनने. आमचे फिटरकाका याच जागेसाठी जन्मले होते! याखेरीज पालकांची समिती असते. हिशेब ठेवणे, शिबिराची जागा पाहणे, सोबत जाणे ही कामे तिची. महिन्याला दोन तास देणाऱ्यालाही इथे जागा आहे.

‘खरी कमाई’ तर सगळ्यांच्याच दारात येते. मुलाने घरोघरी जाऊन काम मागायचे, ते करायचे आणि मिळालेला मोबदला नोंदवायचा. इथे मोठ्यांचे काम एकच, खरे काम द्यायचे. सायकल पुसून घ्या, धान्य निवडून घ्या, आणि नीट झाले नाही तर परत करायला सांगा. आपण काय करतो? “पोरगं कशाला राबवायचं,” म्हणून दहा रुपये देतो आणि सही करतो. किंवा आई भेळ करते आणि मुलगा टेबलामागे उभा राहतो. कमाई होते, खरी होत नाही.

अडचण इथेच आहे. या चळवळीत मोठ्याने शिकवण्यापेक्षा मागे राहणे अवघड. 6 ते 8 मुलांचा एक संघ, त्याचा त्यांच्यातलाच एक संघनायक. तंबू कुठे ठोकायचा, भाजी कोण चिरणार, हे त्यांनी ठरवायचे. भात करपला तर करपू द्यायचा. विहिरीकडे कोणी निघाला तर मात्र शिट्टी वाजवायची. मोठ्याने एकट्या मुलासोबत आडोशाला राहू नये, शिबिरात किमान दोन जबाबदार मोठी माणसे असावीत, हे पथ्यही त्यातलेच. ते पाळताना कोणावर अविश्वास दाखवला असे समजू नये. ते मुलाचे रक्षण करते आणि भल्या माणसाचेही.

दुसरी एक गोष्ट रेल्वेच्या गावाने प्रामाणिकपणे बोलावी अशी आहे. रेल्वेभरतीत स्काऊट-गाईडांसाठी राखीव जागा असतात, आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा वुड बॅज लागतो. नोकरीची आशा धरून कोणी आला तर त्याला नावे ठेवू नयेत. पोटाचा प्रश्न खोटा नसतो. पण नेमणुकीचा कागद हाती आल्यावरही तो रविवारी मैदानावर येतो का, हे पाहावे.

आमचे पथक सर निवृत्त झाल्याने मोडले, असे मी पुष्कळ वर्षे मानत होतो. आता तसे वाटत नाही. चार माणसांचे काम एकाच्या नावावर होते, आणि उरलेल्या तिघांना आपणही पथकाचे आहोत हे कोणी सांगितले नव्हते. कुर्डुवाडीत निवृत्त रेल्वेवाले थोडे नाहीत. हातात कसब आहे, सकाळ मोकळी आहे. जवळच्या शाळेत जाऊन “मी गाठी शिकवीन” एवढे म्हटले तरी सुरुवात होते. शाळेत जमले नाही तर सोलापूरला जिल्हा संघटनेकडे खुल्या पथकाची चौकशी करता येते. आणि पथक चालवणाऱ्या शिक्षकांनीही कधीतरी गावात फिरून विचारावे. फिटरकाका अखेरपर्यंत वाट पाहत होते, असे मला वाटते.